नव्या वर्षातील नव्या बिअर: जोडीने चाखण्याचे वर्षभराचे नियोजन

गेल्या डिसेंबरात मी माझी बिअरची वही पहिल्या पानापासून वाचून काढली. वर्षभरात ६३ नवी नावे तीत चढली होती आणि प्रत्येक नावापुढे तारीख, जागा आणि ‘छान’, ‘हलकी’, ‘जरा कडू’ असा एखाद-दुसऱ्या शब्दाचा शेरा होता. त्यांपैकी पंधरा-वीस सोडल्या, तर उरलेल्यांची चव मला आठवेना. एवढा वेळ आणि पैसा खर्चून हाती नावांची यादीच राहिली, याचे मला वाईट वाटले, आणि पुढील वर्षाचे नियोजन मी अगदी वेगळ्या पद्धतीने केले. पुण्यात राहणाऱ्या आणि नोकरी सांभाळून ही आवड जोपासणाऱ्या माणसाला ते पाळता येते. इतरांनी आपापल्या गावानुसार त्यात फेरफार करावा.

या नियोजनाचा नियम एकच आहे. कोणतीही नवी बिअर एकटी चाखायची नाही. तिच्या शेजारी दुसरी ठेवायची, शक्यतो ओळखीची, आणि ती अशी निवडायची की दोघींमध्ये एकच ठळक फरक असेल. जिभेला एकेकट्या चवी लक्षात ठेवणे अवघड जाते, पण शेजारी ठेवलेल्या दोन चवींतला फरक तिला चटकन कळतो आणि तो दीर्घकाळ आठवतो.

आधी प्रमाण आणि कायदा

यादी करण्यापूर्वी वर्षात बैठका किती होणार ते ठरवावे. मी पंधरवड्याला एक बैठक धरतो. श्रावणापासून गणपती विसर्जनापर्यंत आमच्या घरी मद्य वर्ज्य असते, त्यामुळे साधारण २२ बैठका उरतात. प्रत्येक बैठकीत दोन बिअर, आणि त्या तीन जणांत वाटून घ्यायच्या. ३३० मिलिलिटरच्या दोन बाटल्या तिघांत वाटल्या की प्रत्येकाच्या वाट्याला २२० मिलिलिटर येतात, आणि बिअर ५ टक्क्यांची असेल तर त्यात सुमारे ९ ग्रॅम अल्कोहोल असते. याउलट ८ टक्क्यांची ६५० मिलिलिटरची एक बाटली एकट्याने संपवली, तर ४१ ग्रॅम अल्कोहोल पोटात जाते. आरोग्याच्या दृष्टीने मद्याचे कोणतेही प्रमाण सुरक्षित म्हणता येत नाही, अशी जागतिक आरोग्य संघटनेची भूमिका आहे. ती मान्य करूनच, चाखण्यासाठी जेवढे लागते तेवढेच घ्यावे असे माझे मत आहे. तिसऱ्या ग्लासानंतर जीभ बारकावे सांगेनाशी होते, म्हणजे अभ्यासाच्या दृष्टीनेही पुढचे पिणे वायाच जाते.

महाराष्ट्रात माइल्ड बिअरसाठी किमान वय २१ वर्षे, तर त्याहून कडक मद्यासाठी २५ वर्षे आहे, आणि मद्य बाळगण्यासाठी व पिण्यासाठी परवाना लागतो. हा परवाना एक दिवसाचा, वार्षिक किंवा आजीव मिळतो. वर्षभराचे नियोजन करणाऱ्याने आजीव परवाना काढून ठेवावा. वाहन चालवणाऱ्याच्या रक्तात १०० मिलिलिटरमागे ३० मिलिग्रॅमपेक्षा अधिक अल्कोहोल आढळल्यास तो गुन्हा ठरतो, म्हणून बैठक घरी नसेल तर परतीची रिक्षा किंवा टॅक्सी आधीच ठरवावी. ड्राय डे दिनदर्शिकेत लाल शाईने खुणावून घ्यावेत.

वही आणि तिच्यातील शब्द

माझ्या जुन्या वहीचा खरा दोष शब्दांचा होता. बिअरच्या इंग्रजी वर्णनांत ग्रेपफ्रूट, पाइन, टॉफी, ग्रॅहम क्रॅकर असे शब्द येतात. त्यांतले अर्धे वास आपल्या लहानपणी घरात नव्हते, त्यामुळे ते उसने घेऊन लिहिलेला शेरा महिन्याभराने वाचला की नाकापुढे काहीच उभे राहत नाही. म्हणून नव्या वहीत मी स्वयंपाकघरातले आणि परसातले शब्द वापरतो. माल्टसाठी, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्यासाठी, माझ्याकडे भाकरीचा पापुद्रा, भाजलेले शेंगदाणे, खरपूस रवा, काकवी आणि करपलेल्या दुधाची खरवड हे शब्द आहेत. हॉप्ससाठी, म्हणजे बिअरला कडवटपणा आणि सुगंध देणाऱ्या वेलीच्या फुलांसाठी, संत्र्याची साल, कैरीच्या देठाचा चीक, गवती चहा, ओले गवत आणि कारल्याची साल असे शब्द आहेत. यीस्टसाठी, म्हणजे बिअर आंबवणाऱ्या सूक्ष्मजीवांसाठी, पिकलेले वेलची केळे, लवंग, मिरी आणि, काही बेल्जियन बिअरच्या बाबतीत, गोठ्याचा वास. शेवटचा शब्द निंदेचा नव्हे. ब्रेटानोमायसीस नावाच्या यीस्टमुळे येणारा तो गंध अनेकांना मनापासून आवडतो.

दोषांनाही असेच घरगुती शब्द शोधावेत. लोण्याचा किंवा बटरस्कॉचच्या गोळीचा वास म्हणजे डायअॅसिटिल, उकडलेल्या मक्याचा वास म्हणजे डायमिथिल सल्फाइड, हिरव्या सफरचंदाचा वास म्हणजे अॅसिटाल्डिहाइड, आणि ओल्या पुठ्ठ्याची चव म्हणजे बिअर जुनी होऊन तिला प्राणवायू लागल्याची खूण. हे चार ओळखता आले की ‘मला ही शैली आवडत नाही’ आणि ‘ही बाटली बिघडलेली आहे’ या दोन गोष्टींत गल्लत होत नाही. एका बिघडलेल्या बाटलीमुळे मी गव्हाच्या बिअरवर दोन वर्षे काट मारली होती, त्यामुळे या भेदाला मी फार महत्त्व देतो.

वहीच्या पानावर तारीख, जागा, बाटलीवरची उत्पादनाची तारीख, अल्कोहोलचे प्रमाण, अंदाजे तापमान, आणि मग रूप, वास, चव, तोंडातला पोत व एकूण मत असे रकाने आखावेत. ज्यांना गुण द्यायला आवडतात त्यांनी बिअर जज सर्टिफिकेशन प्रोग्रामची विभागणी घ्यावी: वासाला १२, रूपाला ३, चवीला २०, पोताला ५ आणि एकूण परिणामाला १०, असे ५० गुण. या संस्थेची २०२१ सालची शैलींची मार्गदर्शिका विनामूल्य उपलब्ध आहे, आणि चाखून झाल्यावर ती वाचावी. आधी वाचली तर जे लिहिले आहे तेच लागल्याचा भास होतो.

बैठकीची मांडणी

ग्लास एकसारखे, स्वच्छ आणि तेलकटपणा नसलेले हवेत. धुतलेल्या ग्लासात बिअर ओतल्यावर बुडबुडे काचेला आतून चिकटून बसले, तर ग्लास नीट धुतला गेलेला नाही असे समजावे. भांडी पुसायच्या फडक्याने ग्लास पुसू नये. ते पालथे ठेवून निथळू द्यावेत. बाटली फ्रीजमधून काढल्या काढल्या ओतली तर वास कोंडलेला राहतो. थंडीत सावकाश आंबवलेल्या साध्या लागरला ४ ते ७ अंश सेल्सिअस ठीक आहे, परंतु थोड्या उबेत आंबवलेल्या एल प्रकारातल्या बहुतेक बिअर ८ ते १२ अंशांना खुलतात आणि कडक, गडद बिअरला त्याहूनही थोडी ऊब लागते. पुण्याच्या उन्हाळ्यात फ्रीजबाहेर दहा मिनिटे पुरतात, जानेवारीत वीस लागतात.

बैठक जेवणाआधी ठेवावी. मिसळ, पान, तंबाखू किंवा कडक चहा यांनंतर दीड-दोन तास जाऊ द्यावेत, आणि खोलीत उदबत्ती लावलेली नसावी. दोन घोटांच्या मध्ये पाणी आणि बिनमिठाचे चुरमुरे यांइतके चांगले काही मला सापडलेले नाही. फिकी आधी आणि गडद नंतर, कमी कडू आधी आणि अधिक कडू नंतर, कमी अल्कोहोलची आधी, हा क्रम पाळावा.

दर तीन-चार बैठकांनंतर एकदा डोळ्यांआड परीक्षा घ्यावी. एकाने आत जाऊन तीन ग्लास भरावेत, दोहोंत एक बिअर आणि तिसऱ्यात दुसरी, आणि बाकीच्यांनी वेगळा ग्लास ओळखावा. नुसत्या नशिबाने तीनपैकी एकदा उत्तर बरोबर येते, म्हणून निदान चार-पाच फेऱ्या कराव्यात. त्यासाठी प्रत्येक ग्लासात दोन-तीन चमचे बिअर पुरे.

बाटली निवडताना

दुकानात प्रथम तारीख पाहावी, नाव नंतर. हॉप्सचा सुगंध सर्वांत आधी उडतो, त्यामुळे आयपीए (इंडिया पेल एल) किंवा पेल एल ही हॉप्सवर भर असलेली बिअर शक्य तितकी ताजी घ्यावी. याउलट गडद, कडक, बाटलीतच आंबलेली बेल्जियन बिअर काही महिन्यांच्या वयाने बिघडत नाही. दुसरी गोष्ट उजेडाची. हॉप्समधील कडवट द्रव्यांवर प्रकाश पडला की एक उग्र, गंधकी वास तयार होतो. तपकिरी काच त्याला बऱ्यापैकी अडवते, हिरवी आणि पारदर्शक काच अडवत नाही, आणि कॅनमध्ये हा प्रश्नच येत नाही. ट्यूबलाइटखाली शेल्फवर उभी असलेली हिरवी बाटली, मग ती कितीही नामवंत असो, मी घेत नाही. मे महिन्यात आयात केलेली बाटली घ्यायची असेल, तर ती दुकानाच्या फ्रीजमधलीच मागावी.

मायक्रोब्रूअरीत हा प्रश्न बराचसा सुटतो. २००९ साली पुण्यात डूलाली सुरू झाली आणि महाराष्ट्रात जागेवर बनवलेल्या बिअरचा मार्ग खुला झाला. पुढे इंडिपेंडन्स, एफिनगट, ग्रेट स्टेट अशी नावे शहरात रुजली. अशा ठिकाणी पूर्ण ग्लास मागवण्याऐवजी सॅम्पलर, म्हणजे छोट्या ग्लासांचा संच, मागवावा आणि टाकी कधी भरली ते विचारावे. गर्दी नसलेल्या दिवशी दुपारी गेल्यास ब्रूअर अनेकदा आपणहून बोलतात. मी त्यांच्याकडे मूठभर माल्ट आणि चिमूटभर हॉप्स मागतो. माल्टचे दाणे चावून पाहिले आणि हॉप्स तळहातावर चोळून हुंगले की ग्लासातली कोणती चव कशातून आली, याचा जो उलगडा होतो तो कोणत्याही वर्णनाने होत नाही. घरी बिअर बनवण्याचा मोह मात्र आवरावा. परवान्याशिवाय ते बेकायदा आहे.

वर्षभराच्या जोड्या

पहिली जोडी स्वस्तातली आहे: एकाच कंपनीची माइल्ड आणि स्ट्राँग. आपल्याकडे खपणारी बहुतेक बिअर स्ट्राँग असते, पण अल्कोहोलची ऊब आणि गोडसरपणा वेगळा काढून पाहण्याची सवय फार थोड्यांना आहे. दुसऱ्या बैठकीत त्याच माइल्ड लागरशेजारी पिल्सनर उर्क्वेल किंवा एखाद्या ब्रूअरीतली चेक धाटणीची पिल्सनर ठेवावी. १८४२ साली बोहेमियातील पिल्झेन शहरात योझेफ ग्रोल या बव्हेरियन ब्रूअरने ही सोनेरी लागर प्रथम बनवली. तिथले अतिशय मऊ पाणी, मोराव्हियाचे फिकट माल्ट आणि झाटेकचे हॉप्स यांचा संयोग असा जमला की जगभरातल्या सोनेरी लागर आज तिच्याच वंशातल्या आहेत. आपल्या साध्या लागरमध्ये तांदूळ, मका किंवा साखर घालून अंग हलके केलेले असते. पिल्सनरमध्ये भाकरीच्या पापुद्र्यासारखे माल्ट आणि शेवटी रेंगाळणारा स्वच्छ कडवटपणा जाणवतो. तिसऱ्या बैठकीत पिल्सनरशेजारी म्युनिकची हेल्लेस ठेवावी. ही १८९४ मध्ये श्पाटेनने बाजारात आणली. येथे रंग तोच, पण कडवटपणा मागे सरून माल्ट पुढे येते. पुणेकरांसाठी एक भर: औंधच्या ब्रेमेन चौकाला ज्या शहराचे नाव आहे, त्या ब्रेमेनमध्ये १८७३ पासून बेक्स ही उत्तर जर्मन पिल्स बनते, आणि हेल्लेसशेजारी ती किती कोरडी लागते हे पाहण्यासारखे आहे.

मार्चमध्ये गहू. बव्हेरियाची हेफेवाइझेन आणि बेल्जियमची विटबिअर या दोन्ही गव्हाच्या, दोन्ही गढूळ, तरीही त्यांच्या सुगंधाचा उगम वेगळा असतो. हेफेवाइझेनमध्ये केळ्याचा आणि लवंगेचा वास निव्वळ यीस्टमुळे येतो, त्यात केळे किंवा लवंग पडलेली नसते. विटबिअरमध्ये धणे आणि संत्र्याची साल खरोखर घातलेली असते. ही बेल्जियन शैली लोप पावली होती. १९६६ साली पियेर सेलिस यांनी हूगार्डन गावात तिला पुन्हा उभे केले. विटबिअरसोबत तळलेले बोंबील आणि हेफेवाइझेनसोबत कोथिंबीर वडी, ही माझी आवडती संगत आहे.

एप्रिल-मे आंबट बिअरसाठी राखावेत. जर्मनीतील गोस्लार आणि लाइपझिगशी नाते सांगणाऱ्या गोझेमध्ये गहू, मीठ, धणे आणि लॅक्टिक, म्हणजे दह्यासारखा, आंबटपणा असतो. पंगतीत मठ्ठा प्यायलेल्या माणसाला ही बिअर परकी वाटू नये. मीठ, आंबट आणि धण्या-कोथिंबिरीचा वास ही त्रयी आपल्या ओळखीची आहे. तिच्या जोडीला बर्लिनची आंबट गव्हाची बिअर बर्लिनर वाइसे ठेवली की मीठ आणि धणे काढून टाकल्यावर काय उरते ते कळते. आंबट बिअर पहिल्या घोटाला नावडली तरी तिसऱ्या घोटापर्यंत मत राखून ठेवावे.

जून-जुलैत कडवटपणाकडे वळावे. एकाच ब्रूअरीची पेल एल आणि आयपीए ही उत्तम जोडी, कारण तेथे यीस्ट आणि पाणी बहुधा समान असते आणि फरक मुख्यतः हॉप्सचा असतो. भारताच्या लांब प्रवासासाठी आयपीए मुद्दाम शोधून काढली, ही कथा सर्वत्र सांगितली जाते, पण ती अपुरी आहे. लंडनजवळच्या बो येथील हॉजसनची ब्रूअरी अठराव्या शतकाच्या अखेरीस आधीपासून परिचित असलेल्या प्रकारांतलीच बिअर भारताकडे जाणाऱ्या जहाजांवर चढवत होती. १८२० च्या दशकात बर्टन-अपॉन-ट्रेंटचे ब्रूअर या व्यापारात उतरले, आणि तिथल्या जिप्समयुक्त पाण्यामुळे हॉप्सचा कडवटपणा अधिक धारदार उतरू लागला. या जोडीसोबत झणझणीत रस्सा घेऊ नये, कारण कडवटपणा आणि अल्कोहोल तिखटाची आग वाढवतात. खारे शेंगदाणे किंवा चकली बरी. आषाढात, श्रावण लागण्यापूर्वी, एक बैठक पोर्टर आणि स्टाउट या काळपट बिअरना द्यावी. गिनेसच्या ड्राफ्टमधील मऊ साय नायट्रोजनमुळे येते आणि तिचा काळा रंग भाजलेल्या जवापासून. ४.२ टक्क्यांची ही बिअर दिसते तितकी जड मुळीच नाही.

विसर्जनानंतर सप्टेंबरअखेर मेर्झेन. बव्हेरियात १५५३ च्या फर्मानानुसार २३ एप्रिल ते २९ सप्टेंबर या काळात बिअर बनवण्यास बंदी होती, कारण उन्हाळ्याच्या उष्णतेत ती बिघडत असे. म्हणून मार्चमध्ये थोडी कडक बिअर बनवून थंड तळघरांत ठेवत, आणि ‘मेर्झ’ म्हणजे मार्च या महिन्यावरून तिचे नाव पडले. पुण्यातल्या मायक्रोब्रूअरीही ऑक्टोबरफेस्टच्या सुमारास ती काढतात. तिच्या शेजारी बाम्बेर्गच्या श्लेंकेर्ला ब्रूअरीची राउखबिअर मिळाली, तर सगळ्या वर्षातील ही सर्वांत शुद्ध जोडी ठरेल, कारण तीही मेर्झेनच आहे, फक्त तिचे माल्ट बीच लाकडाच्या धुरावर वाळवलेले असते. चुलीवर भाजलेल्या वांग्याचे भरीत आणि ज्वारीची भाकरी सोबत ठेवावी. धुराला धूर ओळखतो.

नोव्हेंबरात बेल्जियन मठांच्या बिअर: काकवी आणि मनुकांची आठवण देणारी डुबेल, आणि फिकट पण अधिक कडक ट्रिपेल. वेस्टमालेच्या मठाने १९३४ साली ट्रिपेल हे नाव रूढ केले. ही ९.५ टक्क्यांच्या आसपासची बिअर आहे, म्हणून चार जणांत एकच बाटली.

प्रवासात

वर्षात बिअरसाठी एकच प्रवास ठरवावा आणि जे तिथेच मिळते ते तिथेच चाखावे. गोव्यातून परवान्याशिवाय बाटल्या महाराष्ट्रात आणणे गुन्हा आहे, त्यामुळे सांगोल्ड्याच्या गोवा ब्रूइंग कंपनीची एट फिंगर एडी आयपीए गोव्यातच, ताजी असताना प्यावी. बंगळुरूत टॉइट आणि विंडमिल्स या दोनच ठिकाणांना दोन संध्याकाळी दिल्या तरी पुष्कळ झाले.

जर्मनीत किंवा नेदरलँड्समध्ये राहणाऱ्या मराठी मंडळींना मात्र मी आग्रहाने ब्रसेल्सला जायला सांगेन. अँडरलेख्टमधील काँटियों ब्रूअरीत १९०० पासून लाम्बिक बनते: उकळलेला धान्याचा रस उथळ, उघड्या तांब्याच्या टाकीत रात्रभर निवत ठेवतात आणि हवेतले रानटी यीस्टच तो आंबवायला घेतात. उन्हाळ्यात हवेत नको ते जंतू वाढतात, म्हणून हे काम थंडीच्या महिन्यांतच चालते. त्यानंतर तो रस लाकडी पिंपांत वर्षानुवर्षे राहतो. एक, दोन आणि तीन वर्षांच्या लाम्बिकचे मिश्रण करून ग्यॉझ तयार होते. परदेशातून येताना प्रवाशाला २ लीटर मद्य सीमाशुल्काशिवाय आणता येते, म्हणजे ३३० मिलिलिटरच्या सहा बाटल्या. त्या सहांत तीन जोड्या बसतील अशीच निवड करावी, आणि प्रत्येक बाटली मोज्यात घालून सामानाच्या मध्यभागी ठेवावी.

डिसेंबरची शेवटची बैठक नव्या बिअरची नसते. जानेवारीतील माइल्ड लागर आणि पिल्सनरची जोडी पुन्हा मांडायची, जुनी पाने न उघडता नवा शेरा लिहायचा, आणि दोन्ही शेरे शेजारी ठेवून तिघांनी मोठ्याने वाचायचे. जिथे दोन्ही शेरे जुळत नाहीत, तिथे पुढच्या जानेवारीची पहिली जोडी लिहून ठेवायची.